डीपी आला की रंग नंतर बघा, आधी रस्त्याची जागा कोण देणार ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: शहराला चिकटलेलं गाव, दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आता विकास आराखडा, म्हणजे डीपी, करण्याचा इरादा जाहीर झालाय, सल्लागार कंपनीनं सभागृहात मोठ्या पडद्यावर प्रेझेंटेशन दिलं, त्यात स्मार्ट ग्रोथ, शाश्वत विकास, पुढच्या २० वर्षांचं व्हिजन असं सगळं होतं, आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेला कळत नाहीये की यातलं खरं किती आणि गावानं आत्ता नेमकं काय करावं. मी नगररचना खात्यात ३१ वर्षं काढली, रोट्रिंगच्या पेननं ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायच्या काळापासून ते कॉम्प्युटरवर नकाशे करायची जीआयएस पद्धत येईपर्यंत, आता रिटायर होऊन घरी बसलोय म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, पहिलं म्हणजे त्या प्रेझेंटेशनमधले रंग विसरा. पिवळं म्हणजे रहिवास, हिरवं म्हणजे शेती, निळं म्हणजे कमर्शियल. आराखडा भिंतीवर लागला की गावातला प्रत्येक माणूस त्याच्यासमोर उभा राहून आपला गट नंबर शोधतो, यलोमध्ये आला का एवढंच बघतो आणि आला असेल तर पेढे वाटतो. यलो झोनचा अर्थ इतकाच की तिथं घर बांधायची परवानगी मागता येईल. तिथं रस्ता कधी होईल, पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठं जाईल यातलं काहीही तो रंग सांगत नाही. माझ्या मते आराखड्यात बघायच्या गोष्टी दोनच, रस्त्यासाठी आणि मैदानासाठी जमीन कोण देणार आणि कशी, आणि पैसा कुठून येणार. याची उत्तरं नसली तर तो नुसता रंगवलेला कागद, मग त्याला स्मार्ट म्हणा नाहीतर अजून काही म्हणा.

स्मार्ट ग्रोथ हा शब्द अमेरिकेतला, १९९० च्या दशकातला. तिकडं शहरं गाडीच्या भरवशावर पसरत गेली, शेती संपत गेली, आणि लांबलांबच्या वस्त्यांना रस्ते-पाणी पुरवता पुरवता सरकारांच्या तिजोरीला घाम फुटला. मेरीलँड राज्यानं १९९७ ला यावर कायदे केले आणि त्यातली गंमत अशी की लांब जाऊन बांधूच नका असं त्यांनी सांगितलंच नाही. त्यांनी एवढंच ठरवलं की वाढीसाठीचा राज्य सरकारचा पैसा ठरवून दिलेल्या भागांतच जाईल, बाहेर बांधायचं तर बांधा पण आमच्याकडं हात पसरू नका. त्याच्याही आधी १९७३ ला ओरेगॉन राज्यानं प्रत्येक शहराला हद्दीची एक रेघ मारायला लावली, आत शहर, बाहेर शेती आणि जंगल. या दोन्हीचा किती उपयोग झाला यावर तिकडचे लोक अजून भांडतात, ते भांडोत, पण एका ठिकाणी रेघेमागं कायदा उभा होता आणि दुसऱ्या ठिकाणी पैसा, हे लक्षात ठेवा. आपल्याकडं स्मार्ट म्हटलं की सीसीटीव्ही, एलईडी दिवे आणि कंट्रोल रूम. जून २०१५ ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं, देशातली १०० शहरं, आपल्या राज्यातली ८, आणि पुण्यानं त्यासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडला. त्याच बाणेर-बालेवाडीत २०१६ ला, लोकांना प्यायला पाणी पुरत नाही म्हणून, उच्च न्यायालयाला नव्या बांधकाम परवानग्या थांबवाव्या लागल्या. पुढं काही बोलत नाही.

आता आपल्याकडं आराखडा कसा होतो ते सांगतो. सगळं १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं चालतं, एमआरटीपी म्हणतात तो. आराखडा करणारा अधिकारी २० वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज काढतो, त्यावरून एवढ्या शाळा, एवढी मैदानं, एवढी मंडई असा हिशोब मांडतो आणि नकाशावर मोकळी जागा दिसेल तिथं आरक्षण टाकतो, म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवतो. मोकळी जागा म्हणजे अर्थातच कुणाची तरी शेती. मी स्वतः टाकलीयत अशी आरक्षणं. नोकरीच्या सुरुवातीला एका छोट्या नगरपरिषदेच्या आराखड्यात मी एका विहीरबागायतीवर मैदान दाखवलं, का, तर जागा सपाट होती, चौकोनी होती, नकाशात छान बसत होती. सुनावणीला मालक आला, धोतर-टोपीतला म्हातारा माणूस, म्हणाला साहेब पोरांनी खेळलं पाहिजे हे मला मान्य आहे, पण माझ्याच वांग्यात का? मी त्याला दर हजारी किती चौरस मीटर मैदान लागतं ते सांगितलं, दुसरं काय सांगणार. दहा वर्षांनी त्याच्या मुलानं कलम १२७ ची नोटीस दिली, नगरपरिषदेकडं मोबदल्याला पैसे नव्हते, मुदत टळून गेली, आरक्षण उठलं, आज तिथं चार इमारती आहेत आणि पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात. म्हणजे त्या कुटुंबाला दहा-बारा वर्षं धड विकता आलं नाही की बांधता आलं नाही आणि गावालाही मैदान मिळालं नाही, दोघांचंही वाटोळं, आणि नकाशा मात्र अगदी सुबक होता.

हे कलम १२७ पाठ करून ठेवा. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षणाची जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्या नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे मेलं. जागा घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत जातो, शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हे रास्तच आहे, पण नगरपंचायतीचं बजेट पगार, दिवाबत्ती आणि कचऱ्याच्या गाड्यांतच संपतं हे तुम्हाला मी सांगायला नको. मग साहेब लोक म्हणतात टीडीआर द्या. टीडीआर म्हणजे रोख पैशाऐवजी बांधकामाचा हक्क असलेला कागद, तो बिल्डरला विकायचा आणि त्यानं दुसरीकडं वापरायचा. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे, तिथंही भाव वरखाली होतो, छोट्या गावात जिथं मूळ एफएसआयच, म्हणजे प्लॉटच्या मानानं जेवढं बांधकाम करता येतं तेवढंही, कुणी पूर्ण वापरत नाही तिथं टीडीआर म्हणजे न वटणारा चेक. तुमच्या सल्लागाराला विचारा, आरक्षणं किती टाकताय आणि त्यांची आजच्या रेडी रेकनरनं, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरानं, किंमत किती होते, आणि नगरपंचायतीचं दहा वर्षांचं उत्पन्न त्याच्या शेजारी लिहा. मी हा तक्ता जिथं जिथं मागितला तिथं समोरच्यानं आधी पाणी मागितलं.

याला दुसरी वाट आहे आणि ती अगदी आपल्या घरातली आहे. टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. मुंबई प्रांतात १९१५ ला त्यासाठी कायदा झाला, देशातला तसला पहिलाच. पुण्यात शिवाजीनगर-एरंडवण्याकडच्या जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' असतो बघा, आणि मुंबईत सांताक्रूझ, पार्ले, बोरिवलीच्या पत्त्यांत 'टीपीएस' लिहिलेलं असतं, बहुतेकांना ते कशाचं ते माहीतही नसतं, ते या योजनांचं. शिवाजीनगर तेव्हा भांबुर्डा होतं, गाव होतं, शेतं होती. म्हणजे आज ज्या भागाला लोक जुनं चांगलं पुणं म्हणतात त्यातला बराच भाग शेतकऱ्यांच्या वाकड्यातिकड्या तुकड्यांतून असाच आखून काढलेला आहे.

ते कसं चालतं याचा हिशोब मांडतो, आकडे समजण्यापुरते घेतलेत. गणपतराव नावाचे एक शेतकरी धरा, २ एकर, म्हणजे ८० गुंठे, लांबट पट्टी, पाणंदीनं बैलगाडी जाते तेवढीच वाट. डीपीत २४ मीटरचा रस्ता त्यांच्या पट्टीतून तिरका गेला, ३० गुंठे गेले आणि उरलेल्याचे दोन त्रिकोण झाले. शेजारच्या बाळासाहेबांचा एक गुंठा गेला नाही, उलट त्यांना आयतं फ्रंटेज, म्हणजे रस्त्याला लागून दर्शनी बाजू, मिळालं. गणपतराव कोर्टात जाणारच, मी असतो तर मीही गेलो असतो, आणि रस्ता एवढ्या एका तुकड्यासाठी पंधरा वर्षं अडकणार. असे अर्धवट रस्ते तुम्ही बघितले असतील, दोन्ही बाजूंनी डांबर आणि मध्ये ज्वारी.

आता तेच टीपी स्कीममध्ये बघा. आजूबाजूच्या चाळीस-पन्नास शेतकऱ्यांची मिळून शंभरभर एकर जमीन कागदावर एकत्र करतात, बांध पुसतात, त्यातून रस्ते, बागा, शाळा-दवाखान्याची जागा, गरिबांच्या घरांची जागा आणि पैसा उभा करायला प्राधिकरणानं विकायचे थोडे प्लॉट एवढं बाजूला काढतात, आणि उरलेली जमीन ज्याची त्याला, शक्यतो होती तिथंच, चौकोनी करून परत देतात. समजा सगळ्यांचे ४० टक्के गेले. गणपतरावांच्या ८० गुंठ्यांचे ४८ झाले, पण रस्त्यावरचे आणि काटकोनातले. आधी भाव ५ लाख रुपये गुंठा होता, म्हणजे ४ कोटींची जमीन. रस्ता झाल्यावर १२ लाख धरू, ४८ गुंठ्यांचे ५ कोटी ७६ लाख. आता हिशोबाचा तक्ता असा होतो की गेलेल्या ३२ गुंठ्यांची जुन्या भावानं भरपाई १ कोटी ६० लाख, ती गणपतरावांना द्यायची. राहिलेल्या ४८ गुंठ्यांची किंमत गुंठ्यामागं ७ लाखांनी वाढली, ते झाले ३ कोटी ३६ लाख, त्यातला निम्मा भाग प्राधिकरणाचा, १ कोटी ६८ लाख. वजाबाकी केली की गणपतरावांकडूनच ८ लाख येणं निघतं. सरकारनं खिशातून मोबदला न देता रस्ता आणि बागेची जागा मिळवली, गणपतरावांची मालमत्ता वाढली, आणि मुख्य म्हणजे बाळासाहेबांनीसुद्धा तेवढेच ४० टक्के दिले. हा हिशोब पारावर बसून, पाटीवर खडूनं लिहून दाखवा. मोठ्या सभागृहातल्या पडद्यावर दाखवला की लोकांना तो फसवायचा धंदा वाटतो, पारावर दाखवला की लोक स्वतःचे गुंठे घालून बघायला लागतात.

मग इतकं चांगलं आहे तर आपल्याकडं बंद का पडलं, हे तुम्ही विचारणारच. १९६० पर्यंत आपण आणि गुजरात एकाच राज्यात होतो, १९५४ चा मुंबई नगररचना कायदा दोघांचाही. त्यांनी १९७६ ला स्वतःचा कायदा केला आणि टीपी स्कीम नेटानं चालू ठेवली, आपण १९६६ च्या कायद्यात कलमं तर ठेवली पण सगळा भर डीपी आणि आरक्षणावर, आणि पुढं टीडीआर आल्यावर तर कुणाला मेहनत घ्यायचीच गरज वाटेना. आपल्या जुन्या योजना लवादाच्या, म्हणजे प्लॉटचा आणि पैशाचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर वर्षानुवर्षं पडल्या, मूळ मालक वारले, वारसांच्या नोंदी करता करता फाइली जाड झाल्या. गुजरातनं १९९९ ला शहाणपणाची दुरुस्ती केली, मसुदा योजना मंजूर झाली की रस्त्याची जागा ताब्यात घ्यायची आणि पैशाचा हिशोब मागाहून चालू द्यायचा. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा रिंग रोड त्यामुळं झाला, त्याची जागा मुख्यतः टीपी स्कीममधून आली, आणि आपल्या पुण्याचा रिंग रोड मी नोकरीला लागलो तेव्हापासून वर्तमानपत्रात वाचतोय. गुजरातचं सगळं सोनं आहे असं माझं म्हणणं नाही, त्यांच्या कायद्यात गरिबांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत जागा काढायची तरतूद आहे पण त्या प्लॉटचं पुढं होतं काय हे विचारायला तिथंही कुणीतरी लागतंच, शिवाय कसणारा जो कूळ किंवा मजूर असतो त्याला चौकोनी प्लॉट मिळत नाही, मालकाला मिळतो. ही टीपी स्कीमची खरी खोट आहे आणि ती आम्ही लोक फारशी बोलत नाही.

आपल्याकडंही अलीकडं परत हालचाल आहे. पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, म्हाळुंगे-माण इथं साधारण २५० हेक्टरवर योजना घेतली, त्यात मालकाला ५० टक्के जमीन परत. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मगरपट्ट्यानं, आणि तिथं सरकार नव्हतंच. हडपसरचे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, ४०० एकरांच्या वर सलग जमीन, बिल्डरला तुकडे विकण्याऐवजी सगळ्यांनी मिळून कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. ते जमलं कारण बरेचसे एकमेकांचे भाऊबंद होते आणि सतीश मगरांसारखा एक माणूस होता ज्याच्या शब्दावर लोकांचा भरवसा होता. सरकारकडं नेमकं तेच नसतं. नवी मुंबईचं उदाहरण घ्या, १९७० ला सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांची जमीन, नियोजन कागदावर देशात नावाजलेलं, पण शेतकऱ्यांना जो भाव दिला त्यावरून जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यानंतर मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. म्हणजे जमिनीच्या मालकाला वाढीत वाटा द्यायचा ही साधी गोष्ट कळायला माणसं मरावी लागली. तुमच्या गावात कुणी टीपी स्कीमचं नाव काढलं की एखादा म्हातारा माणूस म्हणेलच, ‘सरकारच्या हातात सातबारा दिला की परत येत नाही.’ त्याला खुळा समजू नका.

पाण्याबद्दल थोडं, कारण शाश्वत हा शब्द तिथंच कळतो, बाकी ठिकाणी तो भाषणाचा आहे. माणशी रोजचं १३५ लिटर हे सरकारी माप आहे. समजा तुमच्या यलो झोनमध्ये पुढं १०,००० फ्लॅट झाले, घरटी साडेचार माणसं धरली तर ४५,००० लोक, रोजचं ६० लाख लिटर पाणी. १०,००० लिटरचा टँकर धरला तर रोज ६०० टँकर तुमच्या त्या गावठाणातल्या रस्त्यावरून. तो रस्ता मी न बघताही सांगतो, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागं घ्यावी लागते. पुणं ज्यावर जगतं ती खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, आणि त्याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही आहे, त्यामुळं शहराची हद्द वाढली म्हणून धरण वाढत नाही. २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली, हद्दीचा कागद एका दिवसात निघाला, नळाची लाईन तशी निघत नाही. तेव्हा झोन बदलाचा प्रत्येक प्रस्ताव आला की पहिला प्रश्न, पाण्याचा उगम कुठला आणि मंजूर कोटा किती. 'पाणीपुरवठा होईपर्यंत विकासक स्वखर्चाने पाणी देईल' असं हमीपत्र घेऊन परवानग्या दिल्या जातात, ते हमीपत्र पाच वर्षांनी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातात असतं आणि टँकरवाल्याचं बिलही.

ओढ्यांचं मात्र नीट ऐका. जुन्या गाव नकाशात ओढा जाड दाखवलेला असतो, मोजणीच्या नकाशात बारीक होतो, डीपीत निळी रेघ होते आणि बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये आरसीसी गटार होतो, तेही कंपाउंडच्या कडेनं वळवलेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं, गाड्या, भिंती वाहून गेल्या, तो ओढा काय नवीन आला होता का, जागा त्याचीच होती. नदीचं म्हणाल तर निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण ओढ्यांना बहुतेक ठिकाणी अशा रेषा आखलेल्याच नसतात, आणि घात तिथंच होतो. जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं ते नदीचं, तिथं निदान धरणातून पाणी सुटतंय एवढं तरी कळायची सोय असते, ओढा सांगून येत नाही. टेकड्यांचंही तसंच, १९९७ ला पुण्यात आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान दाखवलं, बीडीपी, त्याचा निर्णय लागायला २०१५ उजाडलं आणि मालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर. मालक खूश नाहीत, जागा ताब्यात नाही, आणि रात्री टेकड्या फोडणं चालू. टेकडी वाचवायची असेल तर मालकाला खरोखर काहीतरी द्यावं लागतं, नुसत्या हिरव्या रंगानं टेकडी वाचत नाही.

उंच इमारतींना माझा विरोध नाही, तसा गैरसमज नको. दाट वस्ती वाईट नसते, रस्त्याशिवायची दाट वस्ती वाईट. पुण्यात मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय दिलाय, कल्पना बरोबर आहे, स्टेशनला चालत जायला फुटपाथ असला म्हणजे झालं. तुमचं गावठाणच बघा की, खाली दुकान वर घर, शाळा पाच मिनिटांवर, देवळासमोर मोकळी जागा, दळण-दूध-किराणा चालत. अमेरिकेतले लोक ज्याला स्मार्ट ग्रोथ म्हणतात ते साधारण हेच आहे, फक्त आमच्या आराखड्यात गावठाणाला एकच तपकिरी ठिपका देऊन आम्ही पुढं जातो. आणि एक, मुंबई वगळता बहुतेक राज्यात लागू झालेल्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीत, डीपी मंजूर असलेल्या भागात, मोठ्या लेआउटमधून सुटणारी सुविधा क्षेत्राची जागा ५ टक्क्यांवर आली, तीही २ हेक्टर आणि त्यावरच्या जमिनीला. पुण्याच्या जुन्या नियमांत ती १५ टक्के होती. म्हणजे बिल्डर शाळेला जागा सोडेल या भरवशावर राहू नका, पूर्वी सोडायचा त्याहून आता कमी सोडणार.

आता तुमचं काम. तुमच्या गावाचा सध्या जमीन वापर नकाशा तयार होत असेल, ईएलयू म्हणतात तो, कलम २५ चा. सगळे लोक प्रारूप आराखड्याची, म्हणजे हरकतींसाठी निघणाऱ्या कच्च्या आराखड्याची, वाट बघतात आणि मग हरकतींची धावपळ, तिथं फक्त ३० दिवस मिळतात. खरी चूक ईएलयूत होते. सर्व्हे करणारी पोरं टॅबलेट घेऊन उन्हातान्हात फिरतात, त्यांना तुमची पाणंद माहीत नसते, ओढा कोरडा असला की ते पडीक लिहितात, गायरानावरची वस्ती कधी दाखवतात कधी नाही, आणि जे ईएलयूत नाही ते प्रारूपातही येत नाही. तेव्हा आत्ताच मुख्याधिकाऱ्यांकडून ती प्रत मागा, नगरसेविका म्हणून मागा, आणि दोन जाणती माणसं, एक तलाठ्याकडचा जुना गाव नकाशा आणि एक तरुण पोरगा बरोबर घेऊन ओढा उगमापासून चाला. लोकसंख्येचा आकडाही तपासा, जनगणना शेवटची २०११ ची, त्यावर टक्केवारी चढवून काढलेला अंदाज शहरालगतच्या गावात हमखास चुकतो, मी नेहमी शाळेचा पट, वीजमीटर आणि मतदार यादी या तिघांचा मेळ घालायचो. गुंठेवारीचे तुकडे कुठं पडलेत तेही नकाशावर मारून घ्या, लोकांनी अर्धा-अर्धा गुंठा नोटरीवर घेतलेला असतो, ती घरं लपवून फायदा नाही, दाखवली नाहीत तर उद्या त्यांच्यावरूनच रस्ता जातो.

टीपी स्कीमसाठी नगरपंचायतीलाही अधिकार आहे, ती नियोजन प्राधिकरणच असते, फक्त सगळ्या गावाची एकदम घेऊ नका. नवा मोठा रस्ता जिथून जाणार त्या बाजूची पन्नास-साठ एकरांची एक पट्टी घ्या, जिथं भाऊबंदकीचे दावे कमी आहेत अशी, आणि तेवढी करून दाखवा. डीपी अडकला तरी चालेल असं काहीतरी हातात पाहिजे, कारण डीपी अडकतात, पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ पासूनचा आराखडा मंजूर व्हायला जानेवारी २०१७ उजाडलं, २०१५ ला तर शासनानं तो महापालिकेकडून काढूनच घेतला होता, आणि पीएमआरडीएचा २०२१ ला प्रारूप म्हणून प्रसिद्ध झालेला आराखडा २०२५ ला रद्द झाला. विकास शुल्काचा आणि प्रीमियमचा, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीपोटी मिळणारा, पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा ठराव मात्र पहिल्याच सभेत करून घ्या, नंतर तो पगारात गेला की मागता येत नाही.

आणि हरकत लिहायची वेळ येईल तेव्हा ‘आमच्यावर अन्याय झाला आहे तरी आरक्षण रद्द करावे’ असलं छापील काही लिहू नका, तसल्या हजारो येतात, मी स्वतः गठ्ठ्यानं फेटाळल्यात. गट नंबर, काय चुकलं, त्याऐवजी जागा कुठं घेता येईल, एवढं एका पानात. सोबत भाग नकाशाची झेरॉक्स जोडा आणि त्यावर लाल पेनानं ओढा खरा कुठून जातो ते काढा, तारीखवार शिक्क्याची पोच घ्या. सुनावणीत एकेकाला पाच-सात मिनिटं मिळतात, जेवायच्या सुट्टीनंतर तर त्याहून कमी, तेवढ्यात साहेब मजकूर वाचत नाहीत, लाल रेघ बघतात आणि शेजारच्या कारकुनाला विचारतात, हे काय आहे रे.